कापड तुझ्याकडे, काठ्या माझ्याकडे

अक्का, आज तुझ्या घरी जाऊन आले. तेराव्याला आले होते तेव्हा घरभर माणसं होती, आणि मी कोण हे ज्याला त्याला सांगून जीव दमला. "सायकलवाली मैत्रीण" म्हटलं की बायका आधी माझ्या पायांकडे बघायच्या. म्हणून चार दिवस जाऊ दिले आणि आज परत गेले. खाली तुझ्या दुकानाला कुलूप होतं. वर रेणुका एकटीच होती. तिनं चहा दिला आणि कप उचलता उचलता म्हणाली, "मावशी, ती तुमची हिरवी पिशवी आईच्या दुकानात पडलीय. घेऊन जाता का? वास यायला लागलाय."

कुठली पिशवी हे मला विचारावं लागलं नाही. आपल्या तंबूचं कापड होतं तिच्यात. काठ्या आणि खुंट्या माझ्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या स्टँडवर. कापड तुझ्याकडे, काठ्या माझ्याकडे, सहा वर्षं हेच चाललं होतं. एकीवाचून दुसरीचा तंबू उभा राहत नाही, याचं आपल्याला कोण कौतुक! आता बघ, तू गेलीस आणि मी नुसत्या काठ्या घेऊन बसलेय.

खरं सांगू का, मला रडायचाही कंटाळा आलाय. ऑफिसच्या मीटिंगला बसते, कॅमेरा बंद ठेवते, कुणी काही विचारलं की "हो, चालेल" म्हणते. काल "चालेल" म्हणून दोन आठवड्यांचं काम अंगावर घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "स्वल्पा, तुझ्या तोंडाला शिवण घालून देऊ का?"

स्वल्पा हे नाव तूच पाडलंस. मी फाटलेली सायकलची बॅग घेऊन चामराजपेटेत तुझ्या दुकानात आले होते, आणि उभ्या उभ्या निपाणीला आईशी फोनवर बोलत होते. तू मशीनवरून मान वर केलीस. "मराठी काय गं? मग मघापासून माझ्याशी कन्नडचा मुडदा कशाला पाडतीयेस? स्वल्प बस." थोडं बस असं म्हणायचं होतं तुला. तुमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं, तुमची मराठी मला पहिल्या दिवशी निम्मीच कळली. बॅग शिवून दिलीस तेव्हा मी विचारलं, याहून हलकी नसती का झाली? स्वल्प कमी वजनाची? झालं, तेव्हापासून मी स्वल्पा.

"सायकलवर जातेस तर रात्री निजतेस कुठं?"

"लॉजवर."

"लॉज नाही मिळाला तर?"

"परत येते."

"अय्यो! मग जातेस तरी कशाला?"

बावन्न वर्षांची होतीस तू. कापड कापता कापता असा प्रश्न टाकलास आणि दोन महिन्यांत शेजाऱ्याची जुनी सायकल घेऊन, स्वतः शिवलेली अरुंद पायांची सलवार घालून माझ्या पुढ्यात उभी राहिलीस. लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकले होते म्हणालीस. पाय कुठं विसरतात?

तो तंबू घ्यायला आपल्याला किती दिवस लागले, आठवतं? मी ऑफिसात बसून तक्ता केला होता. वजन, उंची, घडी केल्यावरची लांबी. तू त्या तक्त्यावर बटणांचा डबा ठेवलास. मग रिंग रोडवरच्या त्या मोठ्या दुकानात गेलो, आणि तिथं तू प्रत्येक तंबूच्या आत हात घालून कापड बोटांत चोळून बघितलंस. शिवण उलटी करून बघितलीस, आतून पट्टी चिकटवलीय का ते बघितलंस. दुकानातला माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, टेस्टेड है." तू म्हणालीस, "मैं भी टेस्टेड है." आणि चपला बाहेर काढून सरळ आत जाऊन आडवी झालीस. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. तू आतून ओरडून मला सांगतेयस, "पायाशी ओंजळभर जागा राहते गं, उशाशी राहत नाही! बेडा, हा नको!"

मला दोन वेगवेगळे तंबू हवे होते. एकेका माणसाचे, बाराशे ग्रॅमचे. तू घोरतेस हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर आणखी भांडले असते. तू म्हणालीस, दोघींचा एक घेऊ. बावीसशे ग्रॅम, दोघींत वाटून घेतला की एकीला अकराशे. "तुझ्यापेक्षा शंभर कमीच झाले की. निपाणीच्या शाळेत गणित शिकवत होते का नाही?"

मग मी एका पदराचा तंबू दाखवला. त्यात कापड एकच, म्हणून वजन निम्मं. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी लाजले. "बिनअस्तराचा ब्लाऊज घालतेस का? घाम आला की अंगाला चिकटतो. हा पण तसाच. दोघींचा श्वास रात्रभर आतून कापडाला लागणार आणि सकाळी आपल्याच अंगावर गळणार. अस्तर पाहिजे." मला नारिंगी रंग आवडला होता. तू हिरवा उचललास. "दोन बायका रानात निजणार, आणि तुला गावभर दिवा लावून सांगायचंय?" आणि काठ्यांवर आपला आपण उभा राहणारा पाहिजे, हेही तुझंच. इकडं सगळा खडक, खुंटी ठोकणार कुठं? पुढं सहा वर्षांत शाळांच्या ओट्यांवर, देवळांच्या फरशीवर, शिवगंगेच्या पायथ्याच्या कातळावर तंबू लावताना तुझं प्रत्येक म्हणणं खरं निघालं. मी एकदाही तसं कबूल केलं नाही. आता करते, त्याचा काय उपयोग!

घरी आल्यावर तू तंबू उचलून तडक तुझ्या गल्लीतल्या भाजीवालीच्या काट्यावर ठेवलास. अडीच किलो. दुकानदारानं खुंट्या, दोऱ्या, पिशव्या वजनात धरल्याच नव्हत्या. माझा जीव तीनशे ग्रॅमसाठी वरखाली होत होता आणि तू खो खो हसत होतीस. "तीन कांदे गं, तीन कांदे जास्त झालेत!" भाजीवालीनं खरंच तीन कांदे काट्यावर ठेवून दाखवले.

आणि पहिल्याच फेरीला आपण काय केलं? मागडीच्या पुढं त्या शाळेच्या मैदानावर तंबू उभा केला आणि तू विचारलंस, "खुंट्या?" मी म्हटलं, "तुझ्याकडे." तू म्हणालीस, "तुझ्याकडे." खुंट्या तुझ्या दुकानात, कटिंगच्या टेबलावर. वजन वाटून घेताना दोघींनाही वाटलं होतं, ते तीन कांदे दुसरीच्या बॅगेत गेले. तेवढ्यात वारा आला आणि आपला तंबू सगळ्या काठ्यांसकट मैदानभर गडगडत निघाला. त्याच्या मागे तू, तुझ्या मागे मी. शाळेच्या मावशी पायरीवर बसून पोट धरून हसत होत्या. शेवटी दोन्ही सायकली दोन बाजूंना आडव्या घालून तंबू त्यांना बांधला. मग त्या मावशींनीच घरून रागीमुद्दे, ते नाचणीचे गरम गोळे, आणि सार आणून दिलं, कारण तू त्यांच्याशी पाच मिनिटांत बहिणीसारखी बोलायला लागली होतीस. जागा मागायची कला तुझी. मी कन्नडमधून जागा मागितली की लोक आधी माझं ओळखपत्र बघतात.

त्या दिवशी तू कायदा केलास. मऊ ते माझं, टणक ते तुझं. कापड सगळं तुझ्या बॅगेत, काठ्या-खुंट्या सगळ्या माझ्या. दुसरा कायदा त्याहून कडक. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर कापड वाळवायचं, अस्तर वेगळं, वरचं वेगळं, दोन्ही उलटं करून. "ओलं कापड गुंडाळून ठेवणाऱ्या बाईच्या हातचं पाणी पिऊ नये," असं तू म्हणायचीस. अशी म्हण कुठल्याही भाषेत नाही, हे मला माहीत होतं.

तिसरा कायदा बोलून केलेला नव्हता. माझ्या घरी माझी वाट बघणारं कुणी नाही, हे तुला कळल्यावर तो आपोआप झाला. चामराजपेट आधी यायचं, मला पुढं मारतहळ्ळीपर्यंत जायचं असायचं. सिग्नलला तू पाय टेकून म्हणायचीस, "पोचलीस की फोन कर." मी पोचून फोन केला की तिकडून दोनच वाक्यं. "पोचलीस? बरं, मग आता जेव." या एवढ्या मोठ्या गावात मी घरी पोचले की नाही याच्याशी देणंघेणं असलेलं माणूस तू एकटी होतीस, अक्का. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तंबूत माझ्या डोक्याशी चष्म्यासाठी तू तो छोटा खिसा शिवलास, तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय म्हटलं? "पाच ग्रॅम वाढले."

आता शेवटच्या फेरीचं बोलते. टाळून टाळून किती टाळणार?

सावनदुर्गाच्या वाटेवर तू चढाला सायकल हातात धरून चालायला लागलीस. चालताना पण प्रत्येक झाडाखाली थांबत होतीस. "बघ गं, चिंच किती धरलीय." पुढच्या झाडाखाली, "सावली बघ काय गार आहे." मी पुढं जायचे, वळून बघायचे, थांबायचे. माझा आठवडा ऑफिसात वाईट गेला होता, पण ते काही कारण नाही. तिसऱ्या का चौथ्या झाडाला मी म्हटलं, "अक्का, तू चिंचा मोजायला आलीयेस का?" तू हसलीस. मुक्कामाला पोचेपर्यंत अंधारलं, जागा मिळाली ती उताराची, पहाटे पाऊस लागला. सकाळी तंबू चिंब. मी काठ्या काढत होते, तू कापड झटकत होतीस, आणि मी बोलून गेले.

"तुझ्यासाठी थांबून थांबूनच मी दमते. मी आता एकटीचा तंबू घेणार. नऊशे ग्रॅमचा."

बोलून गेले असं म्हणणं खोटं आहे. मी तो तंबू महिनाभर फोनवर बघत होते. तुझ्यापासून लपवून बघत होते.

तू म्हणालीस, "सरी." बरं, एवढंच. ओलं कापड पिशवीत कोंबलंस आणि तुझ्या बॅगेत टाकलंस. कापड चौदाशे ग्रॅम, काठ्या-खुंट्या अकराशे. जड भाग कायम तुझ्याकडे होता, आणि ओला झाला की आणखी पाव किलो जड. वजनाचा तक्ता करणारी मी, पण हे गणित मी कधी केलं नाही. ते ओझं घेऊन तू पन्नास किलोमीटर माझ्या मागून आलीस. वाटेत आपण इडली खाल्ली, तेव्हासुद्धा बोललो नाही. मागडी रोडच्या सिग्नलला तू पाय टेकलास आणि म्हणालीस, "कापड वाळवते मी. पोचलीस की फोन कर."

मी फोन केला नाही. घरी पोचले, आंघोळ केली आणि तो तंबू मागवून टाकला. म्हटलं, बघू आधी कोण फोन करतं. एक्केचाळीस वर्षांची घोडी मी, आणि शाळकरी पोरीसारखी रुसून बसले. नऊ दिवस.

दहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव. मला काय वाटलं सांगू? हरली एकदाची. खूश झाले, अक्का. दोनदा वाजू दिला आणि मग उचलला. तुझ्या फोनवरून रेणुका बोलत होती.

तू मशीनवर बसली होतीस म्हणे. पायाखाली पायडल, सुईखाली कुणाचा तरी ब्लाऊज.

आज रेणुकानं दुकान उघडलं. पिशवी दाराशीच होती. बंद सोडला आणि तो वास आला, कुबट, ओल्या भिंतीसारखा. कापडभर काळे ठिपके. माझ्या चष्म्याच्या खिशावर तर बुरशीचा थरच. मी तुझ्या स्टुलावर बसले. माझ्या मनात एकच आलं, की ओलं कापड एक दिवस न ठेवणारी बाई, तिनं हे नऊ दिवस तसंच ठेवलं. म्हणजे माझ्यावर एवढी चिडलेली. त्या रागातच गेलीस.

विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "रेणुका, आई माझ्यावर रागावली होती का गं?"

"रागावली?" ती म्हणाली. "नाही हो मावशी. ती वर आलीच नाही त्या आठवड्यात. गुडघा धरलाय म्हणायची आणि इथंच खाली चटई टाकून निजायची. मी ताट खाली आणून द्यायची. पिशवी तिनं दाराशीच ठेवलेली. रोज म्हणायची, उद्या ऊन बरं पडेल, उद्या नेते गच्चीवर. मी नेते म्हटलं तर बेडा, तुला जमत नाही, अस्तर वेगळं वाळवायचं असतं." मग म्हणाली, "गुडघा नव्हता तो. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस दम लागत असणार. मला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, "मला कळायला हवं होतं." मग आम्ही दोघी तुझ्या दुकानात बसून रडलो.

गच्चीला दोन जिने आहेत. तुला ते चढवत नव्हते. आणि त्याच्याआधी तुला सावनदुर्गाचा चढ चढवत नव्हता, म्हणून चिंच किती धरलीय. अगं, मला म्हणायचं होतंस ना, दम लागतो! एवढं तोंड चालायचं तुझं, दुकानदाराला, भाजीवालीला, साऱ्या चामराजपेटेला ऐकवायचीस, आणि जे सांगायचं तेवढं गिळून टाकलंस. मला याचा राग येतो, अक्का. तू गेलीस तरी येतो. तू सांगितलं असतंस तर मी तुला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. आणि मग दुसरं मन म्हणतं, तुला डोळे होते की नाही? कधी नव्हे ती बाई सायकलवरून उतरून चालतेय, ओठ पांढरे पडलेत, आणि तू घड्याळ बघतेस. तुला विचारता आलं नाही, काय होतंय म्हणून? हा वाद आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी घालतेय. फार दमवतो हा वाद.

कापड आम्ही गच्चीवर नेलं. रेणुका आणि मी. कोमट पाण्यात साबण अगदी थोडा, स्पंजानं हळूहळू. रेणुका पिळायला लागली तर माझ्या तोंडून आलं, "पिळू नको, मुडदा पाडशील त्याचा." ती थांबली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून हसली. अस्तर वेगळं, वरचं वेगळं, दोन्ही उलटं करून. ऊन चांगलं होतं आज. ठिपके सगळे गेले नाहीत, पुसट झाले. चार वाजेपर्यंत कडकडीत वाळलं.

घड्या मात्र तुझ्यासारख्या आल्या नाहीत. पिशवीचं तोंड बंद होईना, तसंच दोरीनं बांधून माझ्या बॅगेत घातलं. वाटेतल्या एका सिग्नलला लागले तेव्हा सवयीनं पाय टेकला, मग आठवलं की आता थांबायचं कारण नाही. डोमलूरच्या चढाला एका झाडाखाली मी उतरले. चौदाशे ग्रॅमनं कुणाला दम लागत नाही. तरी उतरले, आणि बराच वेळ उभी राहिले. ते चिंचेचं नव्हतं. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

घरात तो खोका आहे, नऊशे ग्रॅमवाला. तुला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दारात येऊन पडला होता. अजून उघडला नाही. परत पाठवू का ठेवू, मला ठरवता येत नाही. अशा वेळी तू लागतेस, उलटं बोलायला. आपल्या तंबूचं कापड मी आत्ता चपलांच्या स्टँडवर काठ्यांच्या शेजारी ठेवलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तो सगळा एका घरात आलाय.

तुझा नंबर लावून बघितला असता, पण फोन रेणुका उचलेल, आणि ती बिचारी आज फार दमलीय. म्हणून इथंच सांगते, उशीर झाला तरी.

पोचले, अक्का. आता जेवते.